समासातला श्री

आमच्या मुलुंडच्या घरात पुस्तकं वाचली जायची ती विरामचिन्हांसकट. माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणायचे, गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करीत आणि रविवारी कामाचा गठ्ठा घरी आणत. ओसरीवरच्या खुर्चीत बसून, मांडीवर फळी घेऊन, ते खड्या आवाजात सुरू होत. “राजा म्हणाला, स्वल्पविराम, अवतरण सुरू, प्रधानजी, स्वल्पविराम, आज दरबारात कोणी बोलत का नाही, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद.” मोठ्याने वाचलं नाही तर डोळा फसवतो, असं त्यांचं म्हणणं. चूक सापडली की ते थांबत, लाल शाईने समासात एक खूण करीत आणि पुढे चालू लागत. आत स्वयंपाकघरात त्यांची मोठी बहीण, माझी दुर्गाआत्या, अळूची देठं सोलत हे सगळं ऐकत असे. गठ्ठा संपून अण्णा गप्प झाले की ती आतून विचारी, मग प्रधान काय म्हणाला? अण्णा सांगत की पुढची पानं दुसऱ्या तपासनिसाकडे गेली आहेत. त्यामुळे आत्याला शेकडो पुस्तकं अर्धी अर्धी माहीत होती. उरलेली अर्धी ती स्वतः रचायची. पुढे कधी ते पुस्तक छापून घरी आलंच, तर लेखकाच्या शेवटापेक्षा मला तिचाच शेवट जास्त पटायचा.

आई मला आठवत नाही. मी दीड वर्षाची असताना ती गेली आणि आत्याने मला हातात घेतलं ते तिचे हात थकेपर्यंत सोडलं नाही. आत्याचं बाराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि पंधराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली होती. त्या तीन वर्षांबद्दल तिच्या तोंडून मी कधी अक्षर ऐकलं नाही. पण त्याआधीच्या शाळेबद्दल ती भरभरून बोलायची. मराठी चौथीपर्यंत ती गावच्या शाळेत गेली होती. तिथे पाटीवर वर मधोमध श्री काढल्याशिवाय गुरुजी धडा सुरू करू देत नसत, आणि खालचं गणित कितीही वेळा पुसा, वरचा श्री पुसायचा नाही असा दंडक होता. लग्न ठरलं तेव्हा तिला शाळेतून काढायचं ठरलं. शेवटच्या दिवशी ती घरी आली, पडवीतून एक खिळा उचलला आणि पाटीवरचा श्री तिने त्या खिळ्याने कोरून ठेवला, म्हणजे तो कोणाला पुसताच येऊ नये. ती पाटी तिच्या ट्रंकेत तळाशी होती. मला ती वर्षातून एकदा, दसऱ्याला बघायला मिळे. मी हात लावून बघायची आणि त्या कोरलेल्या रेघांत बोट अडकायचं.

तेव्हाचं मुलुंड आज सांगून कोणाला खरं वाटणार नाही. घरामागे भाताची खाचरं आणि त्यांच्यापलीकडे सरळ डोंगर. संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी कोल्हे ओरडायला लागले की आत्या भाकरी थापायला घ्यायची, आणि कारखान्याचा भोंगा झाला की अण्णा स्टेशनातून निघाले असतील असं समजून तवा चढवायची. स्टेशनाबाहेर घोडागाड्या उभ्या असत, पण अण्णा चालत येत. आता मी त्याच मुलुंडात आठव्या मजल्यावर राहते. डोंगर माझ्या खिडकीतून एका बोटाएवढा दिसतो. कोल्हे कुठे गेले कोण जाणे. भाकरी मात्र मी अजून सात वाजताच थापते, भोंगा वाजो न वाजो.

त्या डोंगरानेच मला वनस्पतिशास्त्राकडे नेलं. शाळेपासून मी पानं गोळा करायची आणि अण्णांच्या रद्दी मुद्रितांत दाबून ठेवायची, त्यामुळे माझ्या संग्रहात प्रत्येक पानाच्या पाठीमागे कुठल्यातरी कादंबरीचं एक अपुरं प्रकरण असे. बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग मिळणार, असं सगळे धरून चालले होते. परीक्षेच्या आधी तीन आठवडे मला विषमज्वराने गाठलं. शेवटचे दोन पेपर मी अंगात ताप घेऊन लिहिले आणि दुसऱ्या वर्गात पास झाले. संशोधनाच्या जागा पहिल्या वर्गाच्या मुलांनी भरून गेल्या. मी ठाण्याच्या एका शाळेत सातवीला शास्त्र शिकवायला लागले. आत्या रोज डब्यात मेतकूट-भात द्यायची, वर तुपाची जास्तीची धार असायची. तेवढ्यावरून मी समजायचं ते समजले.

वर्षभराने आमच्या कॉलेजच्या दिघेबाई मला स्टेशनावर भेटल्या. बाई अमेरिकेत दोन वर्षं शिकून आल्या होत्या. त्यांचं बोलणं नेहमीच तोडून टाकल्यासारखं असायचं. त्यांनी माझी चौकशी केली, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तिकडच्या विद्यापीठांत जायला एक परीक्षा असते, ती मुंबईतही घेतात. आपल्याकडच्या मार्कांचा अर्थ तिकडच्या माणसांना लागत नाही, म्हणून ते ही परीक्षा बघतात. “न्यूयॉर्कचा मुलगा असो नाहीतर मुलुंडची मुलगी, दोघांना एकच कागद आणि एकच वेळ,” त्या म्हणाल्या. “तुझा ताप त्या कागदाला ठाऊक नाही, नलू. बसून टाक.” त्या एका वाक्याने माझं वर्षभराचं मळभ गेलं. घरी चालत येताना मी चक्क गुणगुणत होते.

परीक्षेचं नमुन्याचं पुस्तक समुद्रमार्गे यायला दोन महिने लागले. आमच्या शेजारचे परबकाका आधी गिरणीत होते, नंतर टपालखात्यात लागले आणि आमच्याच भागात टपाल वाटायचे. त्यांनी ते पुस्तक असं दोन्ही हातांवर धरून आणलं की आत काही जिवंत असावं. आम्ही तिघं ओसरीवर त्याच्याभोवती बसलो. अण्णांनी पहिल्यांदा मुद्रणदोष शोधले. एकही सापडला नाही, त्यामुळे त्यांचा अमेरिकेबद्दलचा आदर वाढला. सगळ्यांत नवल होतं ते उत्तराच्या कागदाचं. त्यावर लिहायचं काहीच नव्हतं. प्रत्येक प्रश्नासमोर पाच जागा, प्रत्येक जागेला ठिपक्यांच्या दोन उभ्या रेघा, आणि जे उत्तर बरोबर वाटेल त्याच्या दोन रेघांमधली जागा एका खास मऊ पेन्सिलीने काळी करायची. पुढे तो कागद यंत्रात जातो. काळ्या खुणेतून वीज पार झाली की यंत्र गुण देतं, असं दिघेबाईंनी मला सांगितलं होतं. आत्याने विचारलं, म्हणजे मास्तर नाहीच? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग पोरीनं नीट विचार केलाय की नाही, ते कोण बघणार?”

गणिताची मला चिंता नव्हती. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळे पाढे आत्याने माझी वेणी घालता घालता पाठ करून घेतले होते. चुकलं की वेणीला हिसका बसे. अडचण होती ती शब्दांची. त्यात एक प्रकार असा होता की दोन शब्दांचं जे नातं, तेच नातं तिसऱ्या शब्दाशी जुळवायचं. आत्याला समजावं म्हणून मी सांगितलं, उखळाला मुसळ, तर पाट्याला काय? तिने वर न बघता वरवंटा म्हटलं आणि विचारलं की यासाठी त्यांनी एवढं जाड पुस्तक छापलं का. त्या दिवसापासून तो आमच्या घरचा खेळच झाला. मी पुस्तकातला प्रश्न मराठीत करून सांगायची, पाचही पर्याय वाचायची, आणि आत्या लसूण सोलता सोलता उत्तर द्यायची. बहुतेक वेळा बरोबर. इतकी वर्षं अर्ध्या पुस्तकांचे शेवट रचलेली बाई ती, अर्धं वाक्य पुरं करणं तिला काय जड होतं. नाही म्हणायला बर्फापाशी आम्ही दोघी आपटलो. ‘बर्फाला फावडं, तर पाचोळ्याला काय’ असा काहीतरी प्रश्न होता. आत्या पुढे जायलाच तयार होईना. “बर्फाला फावडं कशाला, नले? बर्फाला भुसा. आणि वर गोणपाट.” बर्फाची लादी भुश्यात गुंडाळून गोणपाटातून येते, एवढंच आम्हां दोघींना बर्फाबद्दल माहीत होतं. तो आभाळातून पडतो आणि लोकांना तो दारातून उपसावा लागतो, हे तिला सांगितल्यावर तिने मला ताप तर नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

आणखी एका प्रश्नावरून मात्र खरंच भांडण झालं. ‘कुलपाला किल्ली, तर प्रश्नाला काय?’ मी म्हटलं, उत्तर, सोपं आहे. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापली होती, तिथेही तेच होतं. आत्या मान हलवत राहिली. तिने बाकीचे पर्याय पुन्हा वाचायला लावले: शाळा, शंका, चूक, परीक्षा. मग हातातली लसणाची पाकळी खाली ठेवून ती म्हणाली, “अगो, किल्लीनं कुलूप उघडतं आणि किल्लीनंच परत लागतं. उत्तर आलं की प्रश्न संपतो, तो परत लागतो का? यातलं एकही बरोबर नाही.” मी म्हटलं, पाचांतलं एक निवडावंच लागतं, नियम आहे. “मग सहावं असेल,” ती म्हणाली. “त्यांना आठवलं नसेल.” अण्णा ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले की अक्काचं म्हणणं तर्काला धरून आहे. मग मी दोघांवरही चिडले आणि पुस्तक मिटून डोंगराकडे निघून गेले. आज कबूल करते की चिडायचं खरं कारण वेगळं होतं. तिचं पटत होतं, आणि परीक्षेत ते पटून चालणार नव्हतं. पुस्तकातले शब्दांचे पंचवीस प्रश्न मी पहिल्यांदा सोडवले तेव्हा माझे सतराच बरोबर आले होते. पुस्तकासोबत आलेला उत्तराचा एकुलता एक कोरा कागद खराब होऊ नये म्हणून मी पाठकोऱ्या कागदावर सोडवायची.

परीक्षेच्या दिवशी आत्याने आंघोळ होताच मला पाटावर बसवून वाढलं. गरम भात, मेतकूट, तूप आणि पोह्याचा भाजलेला पापड. निघताना तिने मला एकच गोष्ट सांगितली, श्री काढायला विसरू नकोस. ते सांगायची काही गरज नव्हती. शाळेपासून बी.एस्सी.पर्यंत माझा एकही कागद श्रीशिवाय सुरू झाला नव्हता, इतका की वाण्याच्या यादीवरही तो पडायचा.

फोर्टातल्या एका ग्रंथालयाचा उंच छताचा दिवाणखाना होता. आम्ही दहा-बारा जण, त्यांत मुली दोघी. प्रत्येकापुढे एक टेबल, एक उत्तराचा कागद आणि एक पेन्सिल, तिच्या टोकाला रबर. परीक्षा घ्यायला एक अमेरिकन गृहस्थ होते. लांबलचक, उन्हाने मान लाल झालेले. त्यांच्या हातात एक पुस्तिका होती आणि ते तिच्यातलं शब्दन् शब्द वाचत होते. आता पेन्सिल उचला, आता नाव लिहा. माझं लक्ष त्यांच्या उच्चाराकडे. हातात पेन्सिल आली, समोर कोरा कागद आला, आणि नाव लिहायच्या आधी माझ्या हाताने आपलं काम केलं. कागदाच्या वरच्या समासात, मधोमध, श्री. ती पेन्सिल इतकी काळी आणि मऊ होती की श्री अगदी छापल्यासारखा चकाकत उठला.

त्यानंतरचं वाक्य त्यांनी वाचलं ते असं, की उत्तराच्या खुणांव्यतिरिक्त कागदावर कुठेही, समासातसुद्धा, कसलीही खूण करू नये, यंत्र ती उत्तर म्हणून वाचण्याचा संभव आहे; झाली असल्यास पूर्ण पुसून टाकावी. मी पेन्सिल उलटी केली आणि रबर श्रीवर ठेवलंसुद्धा. आणि मला ती पाटी आठवली. त्या रेघांत अडकणारं माझंच बोट आठवलं. हात काही केल्या हलेना. शिकलेली मुलगी मी, देवाधर्माचं मला फारसं काही नव्हतं. पण तो श्री देवाचा नव्हताच, तो आत्याचा होता. मी हात वर केला.

गृहस्थ आले, कागदावर वाकले आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मला इंग्रजीत एकच शब्द सुचला. मी म्हटलं, “सुरुवात.”

“उत्तर नाही?”

“नाही.”

“तुमचं नाव?”

“नाही. नावाच्या आधीचं.”

त्यांनी आपली पुस्तिका चाळली. पेन्सिल मोडली तर काय, कोणाला भोवळ आली तर काय, वीज गेली तर काय, सगळं होतं तिच्यात, हे नव्हतं. दुसरा कागद द्यायचा तर तेही शक्य नव्हतं, कागद माणसांइतकेच मोजून आले होते. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले की पुसलं तर धोका नाही, ठेवलं तर यंत्र काय करील ते मला सांगता येणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी म्हटलं, ठेवते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा श्रीकडे बघितलं आणि घड्याळ सुरू केलं. गणितात मी ‘सात अडीच साडेसतरा’ असं पुटपुटत भराभर पुढे गेले. शब्दांत ‘टोबॉगन’ नावाचं काहीतरी आलं, ते मला औषध वाटलं. ती बर्फावरून घसरायची गाडी असते हे मला वर्षभराने कळलं, त्यावर बसून पडल्यावर. निघताना त्यांनी पेन्सिली आम्हाला ठेवून घ्यायला सांगितल्या.

घरी आल्यावर आत्याने पहिला प्रश्न विचारला, श्री काढलास ना? मी हो म्हटलं आणि ते खरंच होतं. बाकीचं फक्त अण्णांना सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा सगळा जन्म समासात खुणा करण्यात गेला होता. “आमच्याकडे समासात खूण केली की चूक सुधारते,” ते म्हणाले. “यांच्याकडे समासातली खूण हीच चूक.” दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षेच्या कचेरीला इंग्रजीत एक खुलासा लिहायला घेतला. श्री हे उत्तर नसून शिष्टाचार आहे, असा त्याचा आशय. चार मसुदे झाले. प्रत्येकाच्या समासात लाल शाईच्या इतक्या खुणा होत्या की चौथा वाचताच येईना. दिघेबाईंनी ते पत्र पाठवायला सक्त मनाई केली आणि मला म्हणाल्या की एवढी हुशार मुलगी, एवढा गाढवपणा कसा केलास. शाळेत मी सातवीच्या वह्या तपासायची आणि प्रत्येक वहीवरचा श्री मला डोळे वटारून बघतोय असं वाटायचं. रबर हातात होतं, एका घासण्याचं काम होतं. दुसरी संधी मिळाली होती आणि ती मी हौसेने पणाला लावली होती. त्या दोन महिन्यांत मी आत्यावर उगाचच दोनतीनदा खेकसले. तिने मला तिखट कमी घालायला सुरुवात केली. पित्त झालं असेल, असा तिचा समज होता.

परबकाका एरवी टपाल फाटकातून टाकून पुढे जात. त्या दिवशी ते थेट ओसरीवर चढून आले. “नलूबाय, तुझा पाकीट इला गो,” म्हणून खांबाला टेकून उभेच राहिले. अण्णांनी पाकीट कात्रीने कापलं, एक मिलिमीटरही वाकडं नाही. आत निकालाचा कागद होता. गणिताचा आकडा दिघेबाईंनी सांगितला होता त्याच्याही वर होता, शब्दांचा बेताचा, पण चालेल असा. मी खाली बसले. कागदासोबत टाइप केलेली एक छोटी चिठ्ठी होती. अण्णांनी ती सवयीने विरामचिन्हांसकट मराठीत वाचली. “वरच्या समासातील खुणेमुळे ही उत्तरपत्रिका यंत्राने स्वीकारली नाही, पूर्णविराम, ती हाताने तपासण्यात आली आहे, पूर्णविराम.” खाली शाईने कोणाची तरी दोन अक्षरांची सही होती.

आत्याला तेव्हा पहिल्यांदा सगळी हकीकत समजली. ती ओल्या हातानेच दारात उभी होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, पुसायचा होतास. “म्हणजे कोणीतरी बसून बघितलं,” ती म्हणाली. “मग बरं झालं.” एवढं बोलून ती आत गेली आणि परबकाकांना द्यायला गुळाचा सांजा करायला लागली. मी हसत होते, रडत होते, दोन्ही एकदम चाललं होतं. अण्णांना त्या चिठ्ठीत टाइपाची एक चूक सापडली. त्यांनी ती लाल शाईने समासात दाखवून दिली आणि मग कुठे त्यांचा जीव शांत झाला.

पुढे प्रवेशाचं आणि शिष्यवृत्तीचं पत्र आलं. त्या विद्यापीठाने लिहिलं होतं की शब्द इथे आल्यावर येतील. ते आलेही. परत येऊन मी जन्मभर शिकवलं आणि प्रवेशाच्या समित्यांवर इतकी वर्षं बसले की माझ्यापुढून आकड्यांचे ढीग गेले. मला कोणी विचारलं की या परीक्षा असाव्यात की नसाव्यात, तर मी अडखळते. त्या कागदाला माझा ताप ठाऊक नव्हता, म्हणून मी इथवर आले. पण त्याला भुश्यातला बर्फही ठाऊक नव्हता. माझे सहकारी आकडा बघून अर्ज बाजूला सारायचे आणि मी तो ओढून पुन्हा वाचायची. यामुळे आमच्या बैठका लांबत आणि लोक माझ्यावर वैतागत. वैतागू देत.

अमेरिकेला निघायच्या दिवशी आत्याने माझी ट्रंक स्वतः भरली. मेतकुटाचे दोन डबे, गोडा मसाला, गोधडी. पाटी मागायचं माझ्या मनात होतं, पण धीर झाला नाही. धक्क्यावर ती रडली नाही. मला म्हणाली, बर्फाला खरंच फावडं लागतं का, ते बघून कळव. बोटीवर मी एडनपर्यंत आडवीच होते. एडन मागे पडल्यावर डोकं उचलता आलं, तेव्हा ट्रंक उघडली. तळाशी ते नमुन्याचं पुस्तक होतं. मी ते घरी ठेवून निघाले होते. आत तो उत्तराचा कागद होता, जो मी कोरा जपून ठेवला होता. तो कोरा नव्हता. माझ्या परीक्षेच्या त्या काळ्या पेन्सिलीने एकेक जागा भरलेली होती, अगदी सावकाश, रेघेच्या बाहेर न जाता. वर समासात मोठा, सुरेख श्री. मागच्या बाजूला अण्णांची लाल शाई: ‘प्रश्न मी वाचून दाखवले. उत्तरं सर्वस्वी अक्काची. मी एकही सुचवलेलं नाही.’ मी शाळेत शिकवायला गेलेली असायची तेव्हा, अण्णांच्या रजेच्या दिवशी, या दोघांचं हे चाललेलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

मी डेकवर जाऊन बसले, मागची उत्तरं काढली आणि तिचा कागद तपासायला घेतला. वारा फार होता, कागद गुडघ्याने दाबून धरावा लागत होता. बर्फाचा प्रश्न तिने कोरा सोडला होता. बाकीच्यांत सतरा बरोबर आले, पहिल्यांदा माझे आले होते तेवढेच. मग उरला कुलूप-किल्लीचा प्रश्न. तिथे तिने पाचांतली एकही जागा काळी केली नव्हती. पाचवीच्या पुढे, पार समासात, तिने आपल्या हाताने ठिपक्यांच्या आणखी दोन रेघा काढल्या होत्या आणि त्यांच्यामधली जागा काळीभोर भरून टाकली होती. सहावं उत्तर कोणतं ते कुठे लिहिलं नव्हतं. यंत्राने त्याला गुण दिला नसता. मी दिला. एकूण अठरा केले, खाली माझी सही केली आणि लिहिलं: हाताने तपासली.